एका विद्यापीठाला न पेलणारं विज्ञान

सदाफुली आपल्याकडे इतकी घरची झाली आहे की ती परदेशी आहे असं सांगितलं तर चटकन पटत नाही. तुळशीवृंदावनाच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यात, कुठेही ती रुजते आणि बारा महिने फुलते. तिचं मूळ घर मादागास्कर, आफ्रिकेच्या पूर्वेचं मोठं बेट. तिच्या पानांतून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची दोन औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर विनक्रिस्टिन आजही दिलं जातं. मात्र हे शोध मादागास्करात लागले नाहीत. कॅनडातलं वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठ आणि अमेरिकेतली एलाय लिली कंपनी इथे, १९५० च्या दशकात, त्या कामाला सुरुवात झाली. कॅनडातल्या प्रयोगशाळेत आलेली पानंसुद्धा मादागास्करची नव्हती, जमैकातून आली होती.

ही हकीकत सांगितली की बहुतेकजण मालकीचा मुद्दा काढतात. झाड कुणाचं आणि नफा कुणाला? मुद्दा खराच आहे. मला मात्र त्याच्या आधीचा प्रश्न जास्त सतावतो. समजा, त्या काळात मादागास्करातल्या एखाद्या हुशार मुलीच्या मनात या पानांबद्दल शंका आली असती, तर पुढे ती काय करू शकली असती? पानांचा अर्क काढून त्यातला नेमका रेणू वेगळा करायचा, त्याची रचना ओळखायची, आणि हे सगळं पुढच्या विद्यार्थ्याला शिकवायचं, अशी जागा तिच्या आसपास होती कुठे? गेली चाळीस वर्षं आफ्रिकेतले काही शास्त्रज्ञ या प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांनी काढलेला मार्ग असा, की चार-पाच देशांतल्या विद्यापीठांनी आपापली माणसं, यंत्रं आणि विद्यार्थी एकत्र आणून जणू एकच मोठं विद्यापीठ असल्यासारखं काम करायचं. या मार्गाला मिळालेलं यश आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख.

पीएचडी म्हटलं की एक विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात त्यामागे बराच मोठा गोतावळा लागतो. मार्गदर्शक अडला तर विचारायला त्याच विषयातला दुसरा जाणकार हवा. प्रबंध तपासायला तिसरा हवा. यंत्रं हवीत, ती चालवणारा तंत्रज्ञ हवा, सुटा भाग बिघडला तर आणून देणारा माणूस हवा. बरोबरीने शिकणारे चारदोन विद्यार्थीही हवेत, कारण संशोधनातलं निम्मं शिक्षण चहाच्या टेबलावर होतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर दहा लाख लोकांमागे सुमारे शंभर-सव्वाशे संशोधक आहेत. भारतात हा आकडा अडीचशेच्या आसपास आहे आणि दक्षिण कोरियात आठ हजारांच्या वर. म्हणजे मलावीसारख्या छोट्या देशात एखाद्या विषयाचा पुरा जाणकार असा एकच प्राध्यापक असू शकतो, आणि शेजारच्या देशात दुसऱ्या उपविषयाचा एकच. दारात एकेकच बैल असलेले दोन शेतकरी सावड करून औत जुंपतात, तसंच इथेही करावं लागतं.

असा प्रयोग आफ्रिकेत पूर्वीही झाला होता. १९६३ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचं मिळून एक ‘पूर्व आफ्रिका विद्यापीठ’ उभं राहिलं. वैद्यकीय शिक्षण मकेरेरेला, अभियांत्रिकी नैरोबीला, कायदा दार-एस-सलामला अशी वाटणी होती. पण प्रत्येक नव्या राष्ट्राला स्वतःचं पूर्ण विद्यापीठ हवं होतं आणि १९७० मध्ये त्याची तीन स्वतंत्र विद्यापीठं झाली. त्या भावनेला मी नावं ठेवणार नाही. नुकतं स्वातंत्र्य मिळालेल्या देशाला आपलं विद्यापीठ हवंसं वाटणारच. पण पाठोपाठ १९८० च्या दशकातलं कर्जाचं संकट आलं. सरकारी खर्चाला कात्री लागली. जागतिक बँकेचा भर प्राथमिक शिक्षणावर होता आणि उच्च शिक्षणावरचा खर्च तुलनेने कमी फायद्याचा, असं तिचं मत होतं. प्राध्यापकांचे पगार महागाईत विरघळले, ग्रंथालयांत नवी नियतकालिकं येईनाशी झाली आणि ज्यांना जाता आलं ते परदेशी निघून गेले. माझ्या मते ती धोरणाची घोडचूक होती. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना शिकवणारे शिक्षक शेवटी विद्यापीठांतूनच येतात.

नेमक्या त्याच पडत्या काळात, १९८४ मध्ये, इथिओपियाच्या अदिस अबाबा शहरात काही रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘नाप्रेका’ नावाचं जाळं सुरू केलं. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या वनस्पतिज द्रव्यांवर काम करणाऱ्यांचं हे जाळं. त्यांच्याकडे पैसा जवळजवळ नव्हता. एक बातमीपत्र, दर दोन-तीन वर्षांनी एक परिषद, आणि एका देशातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत काही महिने पाठवण्याची सोय, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान कार्यक्रमाने अशा प्रयत्नांना वर्षानुवर्षं हात दिला. २००५ मध्ये नाप्रेकाची अकरावी परिषद अंतानानारिव्होला भरली. हे शहर मादागास्करची राजधानी.

या विषयातल्या विद्यार्थ्याचं काम जवळून पाहिलं तर जाळ्याची गरज लगेच कळते. झाडाची साल सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची. द्रावक उडवून लावला की खाली काळसर, चिकट गाळ उरतो. तो सिलिका जेल भरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून हळूहळू खाली सोडायचा आणि थेंब थेंब परीक्षानळ्यांत गोळा करायचा. त्यातल्या एखाद्या भागात काही आशादायक वाटलं तर तोच पुन्हा नळीत घालायचा. असे महिनेच्या महिने गेल्यावर छोट्या बाटलीच्या तळाशी काही मिलिग्रॅम पांढरी पूड जमते. इथवरचं काम काच, रसायनं आणि चिकाटी यांच्या जोरावर कुठेही होऊ शकतं. पण ही पूड म्हणजे नेमका कोणता रेणू, हे सांगायला एनएमआर यंत्र लागतं, आणि तिथे गाडी अडते.

या यंत्राचा गाभा म्हणजे एक प्रचंड शक्तीचा अतिवाहक चुंबक. तो द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, रात्रंदिवस बुडवून ठेवावा लागतो. हेलियमच्या टाकीभोवती द्रवरूप नायट्रोजनचं कवच असतं. नायट्रोजन साधारण दर आठवड्याला आणि हेलियम काही महिन्यांनी भरावा लागतो. देशात हेलियम मिळत नसेल तर तो विमानाने आणायचा आणि तो कस्टम्सच्या गोदामात अडकू नये म्हणून खेटे घालायचे. हेलियम संपला की चुंबकाची अतिवाहकता जाते, आणि तो पुन्हा चालू करायचा खर्च एखाद्या गरीब विभागाला कायमचं बसवू शकतो. म्हणून देणगीतून मिळालेली अशी यंत्रं अनेक ठिकाणी धूळ खात पडली. यंत्र विकत घेण्याचा पैसा एकदाच लागतो. ते जिवंत ठेवण्याचा पैसा दर महिन्याला लागतो आणि देणगीदार सहसा तो देत नाहीत.

बोट्स्वाना हा हिऱ्यांच्या उत्पन्नावर त्यामानाने सुस्थितीत असलेला देश. १९९० च्या दशकात इथिओपियातले रसायनशास्त्रज्ञ बर्हानू अबेगाझ गाबोरोनीच्या बोट्स्वाना विद्यापीठात आले. त्यांच्या पुढाकाराने तिथे ‘नाब्सा’ हे जाळं काम करू लागलं, ज्याच्या नावातच विश्लेषणाची सेवा आहे. इतर देशांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी आपला नमुना पाठवायचा आणि गाबोरोनीतल्या यंत्रावर त्याचं विश्लेषण करून निकाल परत पाठवायचा. नमुना एवढासा, टपालाच्या पाकिटात मावणारा, त्यामुळे माणसाला व्हिसा काढून हलावं लागत नाही. एका देशात जपलेल्या एका चांगल्या यंत्रावर किती देशांचे प्रबंध पुरे होऊ शकतात, ते त्यातून दिसलं. आपल्याकडे १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली तीही अशाच विचारातून, की प्रत्येक विद्यापीठाला खगोलशास्त्राचा पूर्ण विभाग आणि मोठी साधनं परवडणार नाहीत, तेव्हा सगळ्यांसाठी एक सामायिक घर असावं. फरक इतकाच की आयुकाला एका देशाच्या सीमेत काम करायचं होतं.

२००८ मध्ये या कल्पनेला मोठ्या अनुदानाची जोड मिळाली. न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशनने पैसा दिला आणि प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीशी जोडलेल्या एका गटाने ‘राइज’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात पाच जाळी होती. वनस्पतिज द्रव्यं, जीवरसायन आणि माहितीशास्त्र, पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी, जलसंपदा आणि पश्चिम हिंदी महासागर. विषयांची निवड मला अचूक वाटते, कारण प्रत्येक विषय तिथल्या भूमीला चिकटलेला आहे. खनिजांनी भरलेल्या प्रदेशाला धातूंचं विज्ञान आपल्याच भूमीवर शिकायला हवं, आणि ज्यांच्या किनाऱ्याला हिंदी महासागर लागतो त्यांनी त्याच्या प्रवाळांचा अभ्यास पॅरिसला जाऊन करावा, यात काही अर्थ नाही. महासागर तर एका देशाचा नसतोच.

राइजची दुसरी ठळक गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांत आधीच विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा मोठा भरणा. आफ्रिकेतल्या अनेक विद्यापीठांत पीएचडी नसलेले अध्यापकच जास्त आहेत. पीएचडी नाही म्हणून ते कुणाचे मार्गदर्शक होऊ शकत नाहीत, आणि मार्गदर्शक नाहीत म्हणून नव्या पीएचडी होत नाहीत. ही कोंडी फोडायची तर आधी त्यांनाच शिकवायला हवं. त्यांना पाच वर्षं युरोपात पाठवलं तर वर्गात शिकवायला कुणी उरत नाही, आणि बरेचजण परत येत नाहीत. जाळ्यातल्या व्यवस्थेत अध्यापक आपल्या घरी राहतो, वर्षातले काही महिने शेजारच्या देशातल्या प्रयोगशाळेत काढतो आणि त्याचे दोन मार्गदर्शक दोन देशांतले असतात. नैरोबीतून चालणारा ‘कार्टा’ हा सार्वजनिक आरोग्यविषयक कार्यक्रमही त्याच वर्षीचा आणि त्याच विचाराचा.

या मार्गाचा मला सर्वांत पटलेला नमुना शेतीतला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल विद्यापीठात २००२ मध्ये पीक सुधारणेचं केंद्र सुरू झालं. त्याच्याच धर्तीवर २००७ मध्ये घाना विद्यापीठाच्या लेगॉन परिसरात पश्चिम आफ्रिकेसाठी ‘वाक्की’ उभं राहिलं. प्रा. एरिक डँक्वा हे त्याचे संस्थापक संचालक. पीक पैदाशीतल्या पीएचडीची इथली रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. पहिली सुमारे दोन वर्षं विद्यार्थी केंद्रात राहून अभ्यासक्रम पुरा करतो. नंतरची साधारण तीन वर्षं तो आपल्या देशात, आपल्या संस्थेच्या शेतावर, आपल्याच लोकांच्या खाण्यातल्या पिकावर संशोधन करतो. मालीचा विद्यार्थी ज्वारी घेतो, नायजेरियाचा चवळी किंवा कसावा. मार्गदर्शक तिथे जाऊन त्याचे वाफे पाहतात.

यात काय साधतं ते एका तणावरून सांगतो. आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याला टारफुला माहीत असतो. हिरवंगार, नाजूक फुलांचं हे रोप ज्वारीच्या मुळांत घुसून तिचा रस पितं, आणि ते जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. आफ्रिकेत त्याच कुळातली जांभळ्या फुलांची एक जात मका, ज्वारी आणि बाजरीचा फडशा पाडते. एका रोपातून हजारो अतिसूक्ष्म बिया पडतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. युरोप-अमेरिकेतल्या शेतांना हा प्रश्न जवळजवळ नाहीच. तिथे पीक पैदास शिकलेला विद्यार्थी गहू-मक्यावरची अत्याधुनिक तंत्रं शिकून येतो, पण त्याच्या प्रबंधात हे तण येत नाही. लेगॉनच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची सुरुवातच अशा शेतातून होऊ शकते. शिवाय तीन वर्षं लावलेलं वाण सोडून जाणं पैदासकाराला जड जातं, त्यामुळे शिकलेली माणसं देशातच राहतात. वाक्कीतून शंभराहून जास्त पैदासकार तयार झाले. डँक्वा यांना २०२२ चा आफ्रिका फूड प्राइझ मिळाला, तो या माणसं घडवण्याच्या कामासाठी.

गणितात ‘एम्स’ नावाची संस्था २००३ पासून हेच करते आहे. केपटाऊनजवळच्या म्युझेनबर्ग इथे एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत ती सुरू झाली. भौतिकशास्त्रज्ञ नील ट्युरॉक तिचे संस्थापक. जगभरातले अध्यापक तीन-तीन आठवड्यांसाठी येतात आणि विद्यार्थ्यांबरोबर त्याच इमारतीत राहतात, जेवतात. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडातही तिची केंद्रं निघाली.

जागतिक बँकेनेही उशिरा का होईना, दिशा बदलली. २०१४ मध्ये तिने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ‘उत्कृष्टता केंद्रां’ना कर्जरूपाने पैसा द्यायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये पूर्व व दक्षिण आफ्रिकेत. अट अशी, की केंद्राने शेजारच्या देशांतले विद्यार्थी घ्यायचे, आणि पैसा ठरलेले निकाल दाखवल्यावरच सुटायचा. त्यातलं एक केंद्र नायजेरियाच्या एडे गावी, रिडीमर्स विद्यापीठात निघालं. विषय संसर्गजन्य रोगांची जनुकं. त्याचे प्रमुख ख्रिश्चन हॅपी जन्माने कॅमेरूनचे. त्यांनी नायजेरियातल्या इबादानला पीएचडी केली, हार्वर्डमध्ये काम केलं आणि परत आले. सिएरा लिओनमधलं केनेमाचं सरकारी रुग्णालय आणि सेनेगलमधलं डकार विद्यापीठ हे त्यांचे साथीदार.

केंद्राची घोषणा नुकतीच झाली होती. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. दोन कोटींच्या घरातली वस्ती असलेलं शहर. डॉ. अमेयो अदादेवो यांनी दबाव झुगारून त्याला रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. लागोस विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत नमुना तपासला गेला आणि हॅपी यांच्या प्रयोगशाळेने तो इबोलाच असल्याची खात्री केली. निदान देशातच झाल्यामुळे संपर्कातल्या माणसांचा शोध लगेच सुरू झाला. नायजेरियात एकूण २० रुग्ण झाले आणि ८ जण गेले. त्या आठांत स्वतः डॉ. अदादेवो होत्या. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

केनेमात मात्र भयंकर घडलं. तिथले डॉ. शेख उमर खान आणि त्यांचे सहकारी रुग्णांवर उपचार करत होते आणि संशोधनासाठी नमुनेही जपत होते. त्या नमुन्यांतून ७८ रुग्णांमधल्या विषाणूचे ९९ जनुकक्रम वाचले गेले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये तो निबंध आला. तो छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाचजण इबोलाने मरण पावले होते. डॉ. खान त्यांतलेच. जनुकक्रम वाचण्यासाठी ते नमुने अमेरिकेला न्यावे लागले होते.

सहा वर्षांनी, मार्च २०२० च्या सुरुवातीला, नायजेरियात सापडलेल्या पहिल्या कोविड रुग्णाचा नमुना एडेला आला. तेव्हा तो कुठेही पाठवावा लागला नाही. आफ्रिकेतला कोविड विषाणूचा पहिला जनुकक्रम एडेतच, काही दिवसांत वाचला गेला. सहा वर्षांत यंत्रं आली हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती यंत्रं चालवणारी तरुण माणसं अनेक देशांतून येऊन तिथे शिकली होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन हा प्रकार जगाला सांगितला तोही बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी. गाबोरोनीच्या प्रयोगशाळेत तो ओळखणारे सिखुलिले मोयो जन्माने झिम्बाब्वेचे, काम बोट्स्वानात, आणि पीएचडी दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाची. प्रादेशिक जाळं म्हणजे काय, ते या एका माणसाच्या वाटचालीत दिसतं. तातडीने खरी माहिती दिल्याचं बक्षीस म्हणून अनेक श्रीमंत देशांनी त्या प्रदेशातली विमानं बंद केली. हा अन्याय होता आणि तो तसाच म्हणायला हवा.

अडचणी अजून आहेत. इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज शिक्षणपद्धतींच्या पदव्या एकमेकींशी जुळत नाहीत. शेजारच्या देशात जायला विमान कधीकधी युरोपातून फिरून घ्यावं लागतं आणि रसायनांची बाटली सीमेवर आठवडेच्या आठवडे अडकते. या गोष्टींवर सरकारं एका सहीने मार्ग काढू शकतात. खरा प्रश्न पैशाचा आहे. उप्साला, कार्नेगी, जागतिक बँक, या लेखातला जवळजवळ प्रत्येक पैसा बाहेरून आलेला आहे. अनुदानाला मुदत असते. मुदत संपली की समन्वयकाचा पगार थांबतो आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आटते. परदेशी मदतीला ओहोटी लागलेल्या आजच्या काळात ही धास्ती कागदावरची राहिलेली नाही.

जानेवारी २००७ मध्ये अदिस अबाबाच्या बैठकीत आफ्रिकन युनियनच्या नेत्यांनी सदस्य देशांना राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करण्याचं आवाहन केलं. सहाराच्या दक्षिणेकडचा एकही देश आज तिथे पोचलेला नाही. (भारतही ०.६४ टक्क्यांच्या आसपासच आहे, तेव्हा आपण त्यांना शिकवण्याच्या स्थितीत नाही.) गाबोरोनी, लेगॉन आणि एडेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या वाट्याचं काम करून दाखवलं आहे. आता पाळी त्यांच्या अर्थमंत्र्यांची आहे.